मंडळाला जागा हवी आहे? आधी मालक शोधा

आमच्या मंडळाची पेटी आजवर सहा घरांत राहून आली. एका घरी सुनेचं बाळंतपण आलं, दुसऱ्या घराला वाळवी लागली, तिसरं घर विकलं गेलं. पेटीसोबत अडीचशे पुस्तकं, चार सतरंज्या, दोन समया आणि बालनाट्याच्या पुठ्ठ्याच्या मुकुटांचं एक खोकं. इंदुरात दहा-बारा मराठी कुटुंबं एका कॉलनीत आली की वर्षभरात मंडळ निघतं आणि दुसऱ्या वर्षी त्या मंडळाला जागेचा ध्यास लागतो. मग कोजागिरीच्या दुधाचा पेला हातात घेऊन कुणीतरी म्हणतं, "ती कोपऱ्यावरची खोली रिकामीच पडलीय की. पार्षदांना सांगू, देतील." पार्षद म्हणजे इकडचे नगरसेवक.

तिथून जी फरफट सुरू होते ती नव्या लोकांची थोडी कमी व्हावी म्हणून हे लिहितोय. मी नऊ वर्षं मंडळाचा सचिव होतो. त्यातली साडेचार जागेमागे गेली, आणि त्यातली दोन निव्वळ चुकीच्या दारात उभं राहण्यात.

जागा कुणाची, हे आधी

पुण्याचे नातेवाईक सल्ला देतील, "सातबारा काढ." इथे सातबारा नसतो. मध्य प्रदेशात खसरा असतो, आणि तो भूलेखच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदींच्या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. पण शहराच्या आत खसऱ्यावर सगळं कळत नाही. रिकामी खोली नगर निगमची असू शकते, इंदूर विकास प्राधिकरणाची, गृहनिर्माण मंडळाची, कॉलनी वसवणाऱ्या सहकारी संस्थेची, नाहीतर नजूलची, म्हणजे थेट शासनाची आणि कलेक्टरांच्या ताब्यातली. लोकांच्या तोंडी सरसकट 'सरकारी खोली' असते. हे सगळे मालक वेगळे, त्यांचे नियम वेगळे आणि कचेऱ्याही वेगळ्या. निगमचं मुख्यालय शिवाजी मार्केटला, प्राधिकरण रेसकोर्स रोडवर, कलेक्टर कार्यालय मोती तबेल्यात.

तुमच्या वस्तीचा पत्ता 'योजना क्रमांक ५४' किंवा 'योजना क्रमांक ७८' असा लिहिला जात असेल, तर जमीन मुळात प्राधिकरणाने विकसित केलेली आहे. पुढे ती योजना देखभालीसाठी निगमकडे सोपवली गेली का, आणि सोपवताना तुमची खोली यादीत होती का, हा खरा प्रश्न. रस्ते आणि दिवे सोपवले जातात, पण एखादी इमारत मागेच राहून जाते.

आम्ही फसलो ते शिळेमुळे. खोलीच्या दारावर संगमरवरी पाटी होती: अमुक निधीतून, अमुक यांच्या शुभहस्ते. ज्या कार्यालयाचं नाव पाटीवर, तिथेच आम्ही दोन वर्षं खेटे घालत होतो. खोली बांधायला पैसे कुणी दिले एवढंच पाटी सांगते, जमीन कुणाची ते सांगत नाही. शेवटी आमच्यातल्या एका काकूंनी, त्या बिजली कंपनीतून निवृत्त झालेल्या, मीटरवरचा क्रमांक टिपून घेतला आणि बिल कुणाच्या नावाने निघतं ते शोधलं. नाव तिसऱ्याच विभागाचं निघालं. वीजबिल हा मालकीचा पुरावा नव्हे, पण कुणाचं दार ठोठवायचं हे त्याने चटकन कळतं.

पक्का कागद हवा तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. कायदा २००५ चा, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. तिथे "खोली रिकामी का आहे?" असले प्रश्न विचारू नका. 'का'चं उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नसतं आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. प्रती मागा: मालमत्ता नोंदवहीतल्या नोंदीची, हस्तांतरण पत्राची, सध्या कुणाला वाटप केलं असेल तर त्या आदेशाची आणि कॉलनीच्या मंजूर नकाशाची.

नकाशा विसरू नका. तुमची जागा त्यावर 'उद्यान' म्हणून रंगवलेली असेल तर तो नाद सोडा. बंगळुरूमध्ये उद्यानाची जागा एका खासगी रुग्णालयाला दिली होती. ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरवलं, आणि आजही उद्यानाचा विषय निघाला की वकील तोच निकाल काढतात. रुग्णालयाला मिळाली नाही ती जागा आपल्या भजनी मंडळाला मिळेल, ही आशा जरा जास्तच झाली.

मंडळ कागदावर आहे का?

इथे मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ लागतो. किमान सात सदस्य, नियमावली, पंजीयकाचं म्हणजे निबंधकाचं प्रमाणपत्र. पंजीयन करून घेणं तसं सोपं, ते टिकवण्यात लोक चुकतात. दरवर्षी सर्वसाधारण सभेनंतर कलम २७ प्रमाणे कार्यकारिणीची यादी आणि कलम २८ प्रमाणे तपासलेला हिशेब पंजीयकाकडे जायला हवा. "सत्ताईस-अट्ठाईस भरी है?" हा प्रश्न तुम्हाला जागोजागी विचारला जाईल. आमची तीन वर्षं भरलेली नव्हती, कारण तेव्हाच्या खजिनदारांना वाटायचं की ते सचिवाचं काम आणि मला वाटायचं की ते खजिनदाराचं. स्थावर मालमत्ता घ्यायची झाली तर पंजीयकाची पूर्वपरवानगी लागते, तेही सुरुवातीलाच डोक्यात ठेवा.

नियमावली आणि पत्रव्यवहार हिंदीत असतो, आणि इथे आपण मराठी लोक फार मजेशीर घसरतो. शब्द तेच असतात, अर्थ मात्र निराळे. आमच्या उद्देशांत लिहिलं होतं, 'लोकगीतों का संशोधन'. तपासणाऱ्या बाईंनी चष्म्यावरून पाहून विचारलं, "गीतों में क्या सुधार करेंगे आप?" हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, आपल्याला हवा होता 'शोध'. अध्यक्षांनी पद सोडलं तेव्हा आम्ही 'राजीनामा' जोडला. इकडच्या कोर्टकचेरीत राजीनामा म्हणजे तडजोड, त्यामुळे भांडण कुणाशी होतं अशी चौकशी झाली. तिथे 'त्यागपत्र' लिहायचं. वर्तमानपत्रात 'दावे-आपत्ति' अशी सूचना आली तर घाबरू नका, हरकती मागवल्या आहेत एवढाच अर्थ. सही करण्याआधी कॉलनीतल्या एखाद्या हिंदी भाषक शिक्षकाला मसुदा वाचायला द्या. माळवी माणूस चहा-पोह्यांवर एवढं आनंदाने करतो.

हजेरीची वही

एका पाहणीच्या वेळी अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारलं, "ये तो आपके समाज का हुआ. मोहल्ले का क्या?" आम्ही सात जण उभे होतो, सातही गप्प. गुढीपाडव्याचे फोटो होते, मंगळागौरीचे होते, दिवाळी पहाटेचे होते. पण शेजारच्या गल्लीतला माणूस आमच्याकडे कधी येतो, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

त्या प्रश्नाचा मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, प्रश्न बरोबर होता. जागा सार्वजनिक आहे. एका भाषेच्या लोकांना ती का द्यायची, याचं उत्तर भावनेने देता येत नाही. होळकरांचं इंदूर, इथली जुनी मराठी परंपरा, हे सगळं खरं आहे, आणि फाइलवर त्याचा काडीचा उपयोग नाही.

मग आम्ही काय केलं, तर एकाच्या गॅरेजमध्ये संध्याकाळी दोन तास वाचनालय उघडलं. मराठी पुस्तकांबरोबर दोन हिंदी दैनिकं आणि स्पर्धापरीक्षांची मासिकं ठेवली. शनिवारी मुलांसाठी मल्लखांबाची तोंडओळख आणि बुधवारी ज्येष्ठांचा रक्तदाब तपासणं, कारण आमच्यात एक निवृत्त परिचारिका होत्या. दाराशी एक लांब वही ठेवली. तारीख, नाव, गल्ली, सही. पेन दोऱ्याने बांधलेलं, तरी महिन्याला दोन जायचीच.

चौदा महिन्यांनी ती वही उघडली तेव्हा निम्म्याहून जास्त सह्या बिगरमराठी होत्या. मासिकं वाचायला येणारी पोरं बडवानी-खरगोनकडची, कॉलनीत खोल्या घेऊन राहणारी. पुढच्या पाहणीला मी फोटोंचा अल्बम नेलाच नाही. वही टेबलावर ठेवली. अधिकाऱ्यांनी मधूनच एक पान उघडलं, बोट फिरवत सह्या मोजल्या, मग दुसरं पान उघडलं. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. त्यांच्या टिपणीत आमच्या बाजूने जे पहिलं वाक्य आलं ते त्या वहीवरून आलं.

म्हणून नव्या मंडळांना मी सांगतो, अर्ज लिहिण्याआधी वर्षभर वही लिहा. मागाहून बसून एका शाईने भरलेली वही ओळखता येते, तो उद्योग करू नका.

नक्की काय मागायचं?

'जागा द्या' ही मागणी नव्हे. मागण्याच्या पायऱ्या असतात. सगळ्यात खालची म्हणजे ठरावीक तास: सामुदायिक भवनातली एक खोली आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते आठ. त्याच्या वर वापराची परवानगी, म्हणजे लायसन्स. त्याच्या वर लीज. सगळ्यात वर मोकळी जमीन. नवी मंडळं हमखास वरून सुरुवात करतात, भवनाचं चित्रसुद्धा काढून आणतात. माझं मत विचाराल तर तास मागा. तास देणं खालच्या पातळीवर शक्य असतं आणि एकदा वापर सुरू झाला की पुढच्या मागणीला पाया मिळतो.

लीज आणि लायसन्स यांतला फरक नीट समजून घ्या. लीजमध्ये जागेत तुमचा हक्क निर्माण होतो, ते संपत्ती हस्तांतरण कायद्याचं कलम १०५. लायसन्समध्ये फक्त वापरायची मुभा मिळते, ते सुखाधिकार कायद्याचं कलम ५२. दोन्ही कायदे १८८२ चे. कागदावर वर काय शीर्षक छापलंय यापेक्षा आत ताबा कुणाचा लिहिलाय ते पाहा. लीज एक वर्षाहून जास्त मुदतीची असेल तर १९०८ च्या कायद्याप्रमाणे तिची नोंदणी सक्तीची आहे, मुद्रांक शुल्काचा खर्च आधीच धरून चला.

"एक रुपया नाममात्र भाड्याने द्या" हे वाक्य आमच्या पहिल्या अर्जात होतं. जुन्या संस्थांना तशा जागा मिळाल्याचं आपण ऐकलेलं असतं. आता ते अवघड का झालंय, तेही ऐका. निगमच्या मालमत्तेची विल्हेवाट १९५६ च्या महापालिका अधिनियमाच्या कलम ८० खाली आणि अचल संपत्तीच्या हस्तांतरणाचे २०१६ चे नियम पाहून होते. शिवाय भोपाळमध्ये एका न्यासाला जाहिरात न देता, नुसत्या अर्जावर २० एकर जमीन दिली गेली होती, ते वाटप सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये रद्द केलं. मागेल त्याला परस्पर देऊ नका, सगळ्यांना संधी द्या, असा त्याचा रोख. त्यामुळे अधिकारी "निविदा काढावी लागेल" म्हणतात तेव्हा प्रत्येक वेळी ते टाळत असतात असं नाही. उद्या चौकशी झाली तर सही त्यांची असते. तुमच्या अर्जाने त्यांना नियमाचा आधार सापडायला हवा, मेहेरबानीची मागणी करून त्यांना अडचणीत टाकू नये.

अर्ज आणि त्याचा प्रवास

अर्ज दीड पानाचा. जागेचा पूर्ण पत्ता, मोजमाप, कोणत्या दिवशी कोणते तास, काय चालणार, किती लोक येणार, वीज-पाणी-सफाईचा खर्च कोण देणार. सोबत पंजीयन प्रमाणपत्र, कार्यकारिणीची यादी, तीन वर्षांचे तपासलेले हिशेब, पॅन, आणि मंडळाचा ठराव. ठरावात अर्ज करायचा अधिकार कुणाला दिला ते नावानिशी हवं. आमचा एक अर्ज केवळ यासाठी परत आला, आणि चूक सोळा आणे आमची होती.

अर्ज साहेबांच्या हातात द्यायची हौस सगळ्यांना असते. फोटो निघतो, हार घातला जातो. पण हातात दिलेला कागद कुठे जातो हे हार घालणाऱ्याला कधीच कळत नाही. आवक शाखेत जा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि क्रमांक घ्या, तारीख वाचता येते का पाहा. आमच्या एका प्रतीवरचा शिक्का इतका फिकट होता की २ आहे की ७ हे शेवटपर्यंत ठरलं नाही. पुढच्या वेळी मी खिशात शाईची डबी घेऊन गेलो. खिडकीतले बाबू हसले, पण त्यांनी तीच वापरली.

तिथून नस्ती, म्हणजे फाइल, निगमच्या झोन कार्यालयात येते, उपयंत्री म्हणजे निगमचे अभियंते जागा पाहतात, त्यांचा अहवाल घेऊन ती वर चढते. रक्कम आणि मुदत पाहून कधी आयुक्तांपर्यंत, कधी मेयर-इन-काउन्सिल म्हणजे महापौरांच्या समितीपुढे, कधी ८५ पार्षदांच्या परिषदेपुढे, आणि मोठं प्रकरण असेल तर भोपाळला. या सगळ्यात तुमच्या हातात काय असेल तर ती उपयंत्र्यांची भेट. त्या दिवशी तुमच्यापैकी दोघांनी तिथे असावं, वीस जणांनी नव्हे. ते टेप लावतील, छताची ओल पाहतील, आणि विचारतील: गाड्या कुठे लावणार? शौचालय आहे का? आवाजाचं काय? रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, हे २००० च्या नियमांत आहे. तुम्ही आठला कुलूप लावणार हे अर्जातच असेल तर तो प्रश्न तिथेच मिटतो. शेजारच्या चार घरांची हरकत नसल्याची पत्रं आधीच घेऊन ठेवा. एका आजोबांनी आम्हाला अट घातली होती: ढोल-ताशाचा सराव इथे नाही. आम्ही लेखी दिलं, आणि ते पुढे वाचनालयाचे नियमित वाचक झाले.

पार्षदांकडे जाच, पण सगळ्या पक्षांच्या लोकांकडे जा. सध्याची परिषद जुलै २०२२ च्या निवडणुकीतून आलेली, मुदत पाच वर्षांची. आचारसंहिता लागली की नवं वाटप थांबतं. फाइल त्याआधी कुठल्या टेबलावर पोचेल याचा हिशेब करा.

मंगळवारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात ती जनसुनवाई आणि १८१ ही मुख्यमंत्र्यांची तक्रार हेल्पलाइन, यांना लोक ब्रह्मास्त्र समजतात. अर्ज सहा महिने हललाच नाही, अशी तक्रार असेल तर तिथे उपयोग होतो. 'आम्हाला खोली द्या' ही तक्रार नसून मागणी आहे, ती तशी नोंदली जाते आणि बंद होते. आमच्या एका उत्साही सदस्याने १८१ वर चार वेळा फोन केला. चारही तक्रारी बंद झाल्या, वर एका कार्यालयातल्या ज्यांच्याशी बरं चाललं होतं ते बोलेनासे झाले.

दोन गोष्टी करू नका

रिकाम्या खोलीला आपलं कुलूप लावू नका. सामान ठेवलं की ताबा आपला, हा सल्ला देणारे भेटतील. शासकीय जागेतून बाहेर काढायला १९७४ चा लोक परिसर बेदखली अधिनियम आहे. त्या नोटिशीत एकदा मंडळाचं नाव आलं की पुढचा प्रत्येक अर्ज तिथेच अडेल.

आणि गणपतीच्या मांडवाचा कट्टा पक्का करू नका. आधी विटा, मग फरशी, मग पत्रा, असं होत जातं. सार्वजनिक जागेवर नवं अनधिकृत धर्मस्थळ होऊ देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा २९ सप्टेंबर २००९ चा आदेश आहे. दहा दिवसांच्या परवानगीने बसवलेला बाप्पा अकराव्या दिवशी निघाला पाहिजे, सिमेंटसकट काहीही मागे न ठेवता.

वाट पाहताना वार्षिक कार्यक्रमासाठी रवींद्र नाट्यगृह आहे, राजेंद्र नगरातलं लता मंगेशकर सभागृह आहे. पण तालमीला आठवड्यातून तीनदा तिथे कोण जाणार? त्यासाठी गॅरेजच बरं. शाळेची खोली संध्याकाळी मिळते का तेही विचारून पाहा, मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर न थांबता लेखी घ्या. मुख्याध्यापक बदलले की तोंडी होकार त्यांच्याबरोबर जातो.

किल्ली मिळाली की

आम्हाला शेवटी तास मिळाले. आठवड्यातले चार दिवस, एक खोली, अकरा महिन्यांचं लायसन्स. ताबा घेताना मी घाई केली. फोटो काढले ते मुलांचे आणि नारळाचे. भिंतीवरच्या भेगेचा काढला नाही, आणि तीन महिन्यांनी ती भेग आम्हीच पाडली अशी नोंद झाली. तुम्ही ताबा घ्याल तेव्हा पंचनामा करा: दारं, खिडक्या, पंखे, नळ, ओल, भेगा, सगळं लिहून दोन्हीकडच्या सह्या. मीटरचा त्या दिवशीचा आकडा फोटोसह. किल्ल्या किती आणि कुणाकडे. लायसन्स संपायच्या तीन महिने आधी नूतनीकरणाचा अर्ज, त्याचाही आवक क्रमांक.

पेटी आता त्या खोलीत आहे. रात्री मात्र ती समोरच्या आजोबांकडे जाते, कारण खिडकीचं एक तावदान अजून बसवायचंय. त्याचा अर्ज गेल्या महिन्यात दिलाय.